दत्तक नव्हे, प्रतिपालकत्व

बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ४४ नुसार बालकल्याण समिती मुलाला काही काळासाठी नात्याबाहेरच्या कुटुंबाकडे सोपवते. मूल कायद्याने त्या घरचं होत नाही. समितीने मनाई केली नसेल, तर जन्मदाते आई-वडील भेटायला येऊ शकतात. परिस्थिती सावरली की मूल त्यांच्याकडे परतूही शकतं. सांभाळणाऱ्यांची खरी कसोटी इथेच. भावंडांची शक्यतो ताटातूट करायची नाही, आणि समितीची तपासणी दरमहा. २०२४ पासून ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं. एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगा. तेच मूल पुढे दत्तक घ्यायचं, तर आधी ५ वर्षं सांभाळण्याची अट आता २ वर आली आहे. ‘मिशन वात्सल्य’ या सरकारी योजनेतून मुलामागे महिन्याला ४,००० रुपये मिळतात, शहरात ते शाळेची रिक्षा आणि शिकवणीतच संपावेत.