3 विद्यार्थ्यांची शाळा 120 वर कशी गेली?
पाचोरा : पट घसरला की जिल्हा परिषद शाळेचे काय होणार? 2023 मध्ये राज्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा हा प्रश्न गावोगावी पोहोचला. पुणे जिल्ह्यातील जालिंदरनगरच्या शाळेने त्याचे वेगळे उत्तर दिले आहे.

मुख्याध्यापक दत्तात्रय वारे 2022 मध्ये येथे आले, तेव्हा पट होता 3. याआधी वाबळेवाडीची शाळा त्यांनी ग्रामस्थांच्या साथीने नव्याने उभी केली होती.

नेमके काय केले?
‘विषयमित्र’ पद्धत. ज्याला विषय जमतो, तो इतरांना शिकवतो. वयाची अट नाही. पट 120 वर गेला. 2025 मध्ये टी4 एज्युकेशनचा, लोकांच्या मतांवर ठरणारा जागतिक पुरस्कारही मिळाला.

शाळा बंद करण्याआधी ती उभी करून पाहता येते, हाच धडा.