पाण्याचा जमाखर्च शिकणारा विद्यार्थी

ज्या शहराची ख्याति एके काळीं 'सोन्याचा पाळणा' अशी होती, त्या जालन्यांतील घरांना नळाच्या पाण्याची वाट पाहण्याची संवय जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण वडील माणसें सांगतात. २०१२-१३ च्या दुष्काळाची आठवण तरुणांनाहि आहे. त्या वर्षीं जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि पुष्कळ शेतकऱ्यांनीं मुलांप्रमाणें वाढविलेलीं झाडें आपल्याच हातानें तोडलीं. अशा जिल्ह्यांतील एखादा मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण झाल्यावर पाण्याचें स्थापत्य शिकण्याची इच्छा बोलून दाखविते, तेव्हां आईबापांच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. हें शिक्षण मिळतें कोठें? आणि तें घेतल्यानें पाणी थोडेंच वाढणार आहे?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. जलसंपत्तीची स्वतंत्र पदवी फार थोड्या ठिकाणीं मिळते. बहुधा हा विषय स्थापत्य अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमांतच शिकविला जातो. दुसरी वाट कृषि अभियांत्रिकीची. शेजारच्या परभणीच्या कृषि विद्यापीठांत तिची सोय असून मृद् व जलसंधारण हें तिचें एक मुख्य अंग आहे. आरंभीं गणित आणि पदार्थविज्ञान, मग वाहत्या पाण्याचें शास्त्र, त्यापुढें पाऊस व भूजल यांचा अभ्यास, आणि अखेरीस धरण, सांडवा, कालवा यांचे आराखडे, असा साधारण क्रम असतो.

दुसरा प्रश्न कठीण आहे, आणि त्याचें उत्तर एका साध्या हिशेबापासून सुरू होतें. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडतें. जालना जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर धरला, तर एका हेक्टरावर वर्षाला सत्तर लाख लिटर पाणी उतरतें. शहरांत दर माणशीं रोज १३५ लिटर पाणी असावें असें प्रमाण मानतात. त्या मापानें पांच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख लिटर लागतात. म्हणजे एका हेक्टराच्या पावसांत अशीं अठ्ठावीस कुटुंबें वर्षभर नांदावींत! मग उन्हाळ्यांत दारीं टँकर कां येतो?

विद्यार्थ्याचें खरें शिक्षण या 'कां'पासून सुरू होतें. पावसाचें बरेंचसें पाणी पिकें व ऊन मिळून पुन्हा हवेंत पाठवितात. कांहीं ओढ्यांतून पूर्णा, दुधना व कुंडलिका या नद्यांना मिळतें, आणि थोडेंच जमिनींत मुरतें. जिल्ह्याची भूमि काळ्या पाषाणाची आहे. वरच्या मुरमांत आणि खडकाच्या भेगांत काय राहील तेवढेंच विहिरीचें भांडवल. आणि त्या मुरमांतूनहि त्याच्या आकारमानाच्या शेंकडा दोन-तीन भागांइतकेंच पाणी हातीं लागतें. सच्छिद्र थरांतून पाणी कोणत्या वेगानें झिरपतें याचा नियम फ्रान्समधील दिझों शहराला पाणी पुरविणाऱ्या आंरी दार्सी या अभियंत्यानें १८५६ सालीं मांडला. तो नियम पाठ करणें सोपें असतें. परंतु मे महिन्यांत विहिरीच्या तळाशीं उभें राहिल्यावांचून त्याचा अर्थ मनांत उतरत नाहीं.

या दृष्टीनें जालना जिल्हा म्हणजे एक उघडी प्रयोगशाळाच आहे. शहराजवळ कुंडलिकेवर निजामी राजवटींत बांधलेला घाणेवाडीचा जलाशय आहे. तेथून पाणी केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्याची योजना होती. पंपाची गरज नव्हती. पुढें गाळानें त्याचें पोट भरत गेलें, आणि अलीकडच्या काळांत नागरिकांनींच पुढाकार घेऊन तो गाळ उपसला व शेतकऱ्यांनीं तो शेतांत पसरला. धरण बांधल्या दिवसापासूनच म्हातारें होऊं लागतें, हा धडा तेथें मिळतो.

दुसरा धडा जायकवाडीचा. पैठणच्या या धरणाचें उद्घाटन १९७६ सालीं झालें. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतून परभणीकडे जातो. जलाशय उथळ व पसरट असल्यामुळें उन्हानें त्यांतील फार मोठा वांटा उडून जातो. आणि कालव्याच्या मुखाशीं ज्याचें शेत आहे त्याचें भाग्य शेपटाशीं असलेल्याच्या वांट्यास सहसा येत नाहीं.

तिसरा धडा कडवंचीचा. १९९६ सालापासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखालीं, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साहाय्यानें, या गांवानें माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली. पाणी धावतें तेथें त्याला चालावयास लावावें आणि चालतें तेथें थांबवावें, एवढेंच त्यांतील तत्त्व. पुढें शेततळीं झालीं, द्राक्षबागा आल्या, आणि २०१२ च्या दुष्काळांतहि त्या तगल्या. मात्र येथेंहि जमाखर्च सुटत नाहीं. विहिरींतून उपसून शेततळ्यांत सांठविलेलें पाणी ही नवी प्राप्ति नव्हे. तें एका खिशांतून दुसऱ्या खिशांत गेलें, आणि वाटेंत उन्हानें आपली पट्टी वसूल केली, असाच त्याचा अर्थ होतो.

म्हणूनच या विद्येंत दगड-चुन्याइतकेंच महत्त्व नियमालाहि आहे. १८८३ सालीं पुण्याच्या महाविद्यालयांतून अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विश्वेश्वरय्यांचें नांव खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळें सर्वांना ठाऊक आहे. परंतु दख्खनच्या कालव्यांचें पाणी अधिक गांवांना वांटून मिळावें म्हणून त्यांनीं आंखलेली 'ब्लॉक' पद्धति ही त्या दरवाजांहून कमी मोलाची नव्हती. दरवाजा पाणी अडवितो. तें कोणाच्या शेतांत जावें हें नियम ठरवितो.

तेव्हां आईबापांच्या शंकेला प्रामाणिक उत्तर असें कीं, या शिक्षणानें आकाशांतून एक थेंबहि अधिक पडणार नाहीं. परंतु पडलेला थेंब कोठें गेला हें सांगणारें, आणि तो कोणाच्या वांट्याला जावा हें चारचौघांत आंकडे मांडून बोलणारें एक माणूस गांवाला मिळेल. मोसंबीची नवी बाग लावण्यापूर्वीं शेतकरी ज्याला विश्वासानें विचारील, असें माणूस जालन्याला आज हवें आहे.