घरातली ऊब, रस्त्यावरचा अपमान

एप्रिल १९९३. लंडनच्या एल्थम भागात बसची वाट पाहणाऱ्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या तरुणांनी भोसकून मारलं. पोलिसांच्या तपासातच वर्णद्वेष मुरलेला होता, असं या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन अहवालाने १९९९ मध्ये स्पष्ट सांगितलं. पण त्याच रस्त्यांवरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या मनात काय चाललंय?

२००२ साली संशोधक सीरोमनी हार्डिंग यांचं पथक हे विचारायला लंडनच्या ५१ शाळांत गेलं. ‘डॅश’ या अभ्यासात अकरा ते तेरा वर्षांची सहा हजारांवर मुलं होती: कॅरिबियन, आफ्रिकी, भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, गोरी. स्थलांतरितांची बरीच घरं हलाखीची होती, म्हणजे मुलांची मनंही खचलेली असणार असं वाटलं असतं. निघालं उलट. स्थलांतरित समाजांतल्या मुलग्यांचं मनःस्वास्थ्य गोऱ्या मुलग्यांपेक्षा सरस होतं.

ही ताकद आली कुठून? आईवडिलांची माया, वेगवेगळ्या समाजांतले मित्र, प्रार्थनास्थळातला राबता. मला यातली पालकांची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कारण मायेने मन सावरत होतं, पण पालकांचा अति धाक त्याला जाचत होता. अभ्यासातला लंडनचा ब्रेंट भाग आपल्या मराठी माणसांच्या ओळखीचा आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू तिथेच, डॉलिस हिलला आहे. परक्या मुलखात मूल हातचं जाईल या भीतीने आपणही लगाम आवळतो. तो आवळताना माया आटू नये, एवढं तरी या मुलांनी आपल्याला सांगितलंय.

वर्णद्वेषाचा घाव मात्र माया असूनही लागत होता. ज्यांच्या वाट्याला तो आला, त्यांचं मन सगळ्याच समाजांत जास्त पोळलेलं होतं. यातली काही मुलं २१ ते २३ वर्षांची झाल्यावर पुन्हा भेटली, तेव्हाही तो माग पुसलेला नव्हता.

२०१६ पासून लंडनच्याच किंग्ज कॉलेजच्या ‘रीच’ अभ्यासाने लॅम्बेथ आणि सदर्कच्या शाळांत हेच काम पुढे नेलं. तिथे साधारण पाचांतलं एक मूल मानसिक त्रासात होतं, मुली अधिक. मग २०२० ची टाळेबंदी आली. सगळीच मुलं कोलमडली नाहीत. ज्यांच्या घरात पैशांची चणचण आणि भांडणं वाढली, त्यांचा त्रास वाढला.