अंधाराचा पट्टा आणि नकाशा काढणारी मुलगी

ली बार्डूगो यांची ‘शॅडो अँड बोन’ भाचीच्या कपाटात सापडली. मी ती उघडली ती सुरुवातीच्या नकाशासाठी. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, गावनकाशे आणि मोजणीच्या कागदांत गेली. त्यातून या कादंबरीची नायिका अलिना सैन्याच्या भूमापन पथकात नकाशे काढणारी, म्हणजे आमच्याच जातकुळीची.

रावका नावाचा देश, उत्तरेला आणि दक्षिणेला शत्रू. देशाच्या मधोमध काळोखाचा एक पट्टा आडवा आलेला, आत माणसं खाणारे पंखवाले प्राणी. बंदरं पट्ट्याच्या पश्चिमेला आणि राजधानी पूर्वेला, त्यामुळे मालाची ने-आण करायची तर जीव मुठीत धरून त्या काळोखातूनच, वाळूवर चालणाऱ्या शिडाच्या होड्यांनी. अंधाराला अशी जागा, सीमा आणि अर्थकारण देण्याची ही कल्पना मला फार आवडली. एका रेषेने देश कसा उपाशी राहतो, हे ती नकाशातूनच समजावते.

२०१२ साली आलेल्या या पुस्तकात दोष आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जग जुन्या रशियावर बेतलेलं आहे, पण वरवर. रशियन बायकांची आडनावं ‘आ’कारान्त होतात, म्हणून तर कारेनिनची बायको कारेनिना, इथे मात्र अलिना ‘स्टारकॉव्ह’च राहते. क्वास हे रशियात घरोघरी पितात ते राय या धान्याच्या पावाचं सौम्य पेय; इथे ते पिऊन सैनिक झिंगतात. राजवाड्यातल्या प्रशिक्षणाची प्रकरणं रेंगाळतात. अंगात दडलेली जादूची शक्ती जागी झाल्यावर अलिना सुंदरही दिसू लागते, हे मला खटकलं. रोडक्या, फिकट मुलीला तशीच राहू द्यायला हवं होतं. तिचं नकाशांचं काम तर पुढे जवळजवळ गायबच होतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

प्रेमाचं काय? अनाथाश्रमात तिच्याबरोबर वाढलेला माल पुस्तकाच्या मोठ्या भागात नजरेआडच असतो, त्यामुळे त्याची ओढ आपल्याला सांगितली जाते तेवढीच कळते. खरी ताकद आहे ती अलिनाच्या आयुष्यात येणाऱ्या डार्कलिंगच्या प्रकरणात. तो देखणा आहे, सत्ताधीश आहे, एकटा आहे. जिच्याकडे कोणी कधी पाहिलं नाही, तिला तो म्हणतो की आपण दोघं एकसारखे. फक्त स्वतः वापरतो तो काळा रंग तो तिला अंगावर घालायला देतो. वाचणाऱ्यालाही तो मान वाटतो. मग तोच माणूस एका दुर्मीळ हरणाला मारून त्याच्या शिंगांचा पट्टा तिच्या गळ्यात अडकवतो, आणि तिची शक्ती त्याच्या हुकमाने चालू लागते. कौतुकाच्या वाटेने ताबा कसा येतो, हे बार्डूगो यांनी इतक्या नेमकेपणाने मांडलंय की त्या एका धाग्यासाठी मी बाकीचं सगळं पोटात घालायला तयार आहे.

आणि ते हरीण! अलिनाला ते मारण्याची संधी मिळते. मारलं असतं तर शक्ती तिची झाली असती. ती हात आवरते. त्या क्षणी हा दुबळेपणा वाटतो, पण कादंबरीचा सगळा निकाल पुढे त्या दयेवरच लागतो. तरुणांसाठी लिहिलेल्या साहसकथेत असा हिशेब मांडायला धाडस लागतं.

२०२१ मध्ये यावर नेटफ्लिक्सची मालिका आली. दोन पर्वांनंतर ती बंद झाली. तरी सुरुवात पुस्तकापासूनच करावी. घरात पंधरा-सोळा वर्षांचं कोणी ते वाचत असेल तर हातातून काढून घेऊ नका. त्यांचं झालं की मागून घ्या, स्वतः वाचा, आणि डार्कलिंगबद्दल त्यांना काय वाटलं ते जरूर विचारा.