इसाराची रक्कम : सौदा मोडल्यास कोणाची?

चिखली तालुक्यात सोयाबीन-कपाशीचा पैसा हाती आला की शेत, प्लॉट वा घर यांच्या सौद्यांची बोलणी सुरू होतात. सौदा ठरला की खरेदीदार इसार देतो, इसारचिठ्ठी लिहिली जाते आणि खरेदीखताची मुदत ठरते. पुढे कधी कर्ज मंजूर होत नाही, कधी पीक बुडते. मुदत टळते आणि ‘इसार बुडाला’ असे खरेदीदारास ऐकविले जाते. कित्येक वर्षांची पुंजी अशा रीतीने सोडून देण्यापूर्वी कायदा काय सांगतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

इसार कोणता, हप्ता कोणता?

इसार ही करार पाळण्याची हमी होय. व्यवहार पुरा झाल्यास ती किमतीत वळती होते. खरेदीदाराच्या कसुरीमुळे मोडल्यास विक्रेता ती जप्त करू शकतो. मात्र ही रक्कम वाजवी असावी लागते आणि आगाऊ दिलेला प्रत्येक रुपया इसार ठरत नाही.

‘फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली हा भेद स्पष्ट केला. दिल्लीतील बंगल्याची किंमत १,१२,५०० रुपये ठरली होती. खरेदीदाराने १,००० रुपये इसार आणि २४,००० रुपये किमतीपोटी दिले. सौदा मोडताच विक्रेत्याने संपूर्ण २५,००० रुपयांवर हक्क सांगितला. परंतु नुकसान सिद्ध न झाल्याने इसाराचे १,००० रुपयेच ठेवून घेण्यास त्यास मुभा मिळाली. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार, करारात दंडाची रक्कम कितीही लिहिली असली तरी तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते.

कसूर विक्रेत्याची असल्यास

खरेदीदाराची कसूर नसेल तर इसारही परत मिळतो. १९८२ च्या भूखंड-लिलावातील ७८ लाख रुपयांचा इसार दिल्ली विकास प्राधिकरणाने जप्त केला होता. करारभंग खरेदीदाराने केला नव्हता, म्हणून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत करावयास लावला.

खरेदी करून मिळण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून, तारीख ठरली नसल्यास नकार कळल्यापासून, ३ वर्षांत दाखल करावा लागतो. त्यातच इसार-परतीची मागणी स्पष्टपणे नमूद करावी. ती न केल्यास न्यायालय ही दाद देत नाही.

घ्यावयाची दक्षता

इसार किती व किमतीचा हप्ता किती, हे चिठ्ठीत वेगवेगळे लिहावे. सौदा कोणत्या कारणाने मोडल्यास रक्कम परत मिळेल, हेही नमूद करावे. सातबारा उतारा आधी पाहावा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास परवानगी कोणी व केव्हापर्यंत आणावयाची, ते ठरवावे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. रक्कम बँकेमार्फतच द्यावी.

गावात इसारचिठ्ठी लिहिण्यासाठी अनेकदा शिक्षकांस वा पंचायत सदस्यांस बोलाविले जाते. त्या वेळी त्यांनी सुचविलेल्या दोन ओळी एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई वाचवू शकतील.