मावशीचं माप

सकाळी सात

श्रावणात शाहपुरातल्या शिंप्याचं मशीन निवांत असतं. चातुर्मासात लग्नं नाहीत, शाळेचे गणवेश देऊन झालेले, नवरात्राची गर्दी अजून लांब. त्यामुळे गणपतीतलं नाटक बसवायचं काम मंडळाने माझ्याच गळ्यात टाकलंय. गाव मध्य प्रदेशात. पोरांच्या शाळा हिंदीत, बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्याही हिंदीत, आणि घरात मराठी, गुजरी, निमाडी, जे तोंडाला येईल ते. नाटक मात्र मराठीच.

यंदा आचार्य अत्र्यांचं 'मोरूची मावशी' ठरलंय. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे कायद्याच्या हिशोबाने २०२९ च्या अखेरपर्यंत हक्क वारसांचेच. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला तर कायदा सूट देतो. तरी परवानगीचं पत्र टाकून ठेवलंय, उगाच कुणी बोट दाखवायला नको. मोरू मिळाला. दोन्ही पोरी मिळाल्या, त्याही गावातल्याच. अडलंय ते मावशीपाशी, आणि रात्री वाचनाला बसायचं आहे. आजच्या दिवसात मावशी नक्की व्हायलाच हवी.

सकाळी नऊ

पहिला उमेदवार दुकानातच आला. शाळेत शिकवतो, गॅदरिंगचा राजा. फळीवरची कुणाची तरी पिकोला आलेली साडी ओढून त्याने खांद्यावर टाकली, आवाज चिरका केला आणि एक हात छातीशी नेऊन माझ्याकडे डोळा मारला. दर वाक्याला डोळा. त्यात मध्येच स्वतःच्या बायकोची नक्कल. पाटावर बसलेला माझा कारागीर हसला, मलाही थोडं आलं. पण दोन अंकभर हे कोण बघणार? साडी नेसून मी बाई नाही, बाई नाही हेच सांगत राहणारा माणूस पाच मिनिटांत संपतो. शिवाय पुढच्या सतरंजीवर बायकाच बसतात. त्यांनी स्वतःवरचे हे विनोद आयुष्यभर घरी फुकट ऐकलेत.

'विचार करून सांगतो सर,' म्हटलं. साडीची घडी मात्र त्यांच्याकडूनच घालून घेतली.

सकाळी अकरा

दुसरा पोरगा मोबाईलच्या दुकानात कामाला. नऊवारी नेसून लावणीचे रील टाकतो. गावात त्याच्याबद्दल बरं-वाईट दोन्ही बोलतात, बघतात मात्र सगळे. त्याने मला मुंबईतल्या 'बिन बायकांचा तमाशा'च्या चित्रफिती दाखवल्या. नुसते पुरुष, आणि लावणी अशी की बघत राहावी. मग बाहेर गिऱ्हाईक नाही असं बघून मागच्या खोलीत स्वतः नाचून दाखवलं. मान, मनगट, नजर, सगळं चोख. शिंप्याची नजर आधी खांद्यावर जाते. याचे खांदे रुंद, पण ते त्याने असे काही खाली सोडले होते की मुंढा कुठे धरायचा ते मला क्षणभर कळेना.

मी म्हटलं, 'आता हे वाक्य बोल.'

त्याला बोलता येईना. आजवर तो दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवत आलाय. आवाज बसवता येतो, ती काही मोठी अडचण नव्हे. अडचण नाटकातच आहे. मोरूची खरी मावशी वेळेवर येत नाही, पोरींना घरी बोलवायचं तर घरात कुणी वडीलधारी बाई हवी, म्हणून मित्राला साडी नेसवतात. म्हणजे हा साडीतला पुरुष आहे हे रंगमंचावरच्या म्हाताऱ्यांना कळता कामा नये, आणि समोरच्या प्रत्येकाला सतत आठवत राहिलं पाहिजे. हा पोरगा एवढा सुरेख की लोक ते विसरतील. विसरले की विनोद गेला.

दुपारी एक

जेवताना हेच डोक्यात घोळत होतं. मराठी रंगभूमीला पुरुषाने लुगडं नेसणं नवं नाही. ती त्यावरच उभी राहिली. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा, मग १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिलेले बालगंधर्व, १९११ साली त्यांची 'मानापमाना'तली भामिनी. त्यांचं नेसणं बघून घरंदाज बायका तसं नेसायला लागल्या, असं जुनी माणसं सांगत. तिथे भामिनी ही बाईच. गंधर्वांचं काम पुरुष पुसून टाकण्याचं.

साहेबाच्या देशात उलटा धंदा. १८९२ मध्ये ब्रँडन थॉमसने 'चार्लीज आंट' लिहिलं, लंडनमधल्या पहिल्या मुक्कामात त्याचे १,४६६ प्रयोग झाले, आणि अत्र्यांनी तीच मावशी मराठीत आणली. आमच्या पिढीला ती १९८५ च्या विजय चव्हाणांमुळे पाठ आहे. तिथे पुरुष पुसायचा नाही, चुकून डोकावू द्यायचा.

अमेरिकेत तिसरीच तऱ्हा. 'हेअरस्प्रे' नावाची एक कथा आहे, १९८८ साली सिनेमा आला, २००२ साली ब्रॉडवेवर गाण्यांचं नाटक. त्यातली धोबीकाम करणारी जाडजूड आई नेहमी पुरुषच करतो. सिनेमात डिव्हाइन नावाच्या, बाईच्या वेषात गाजलेल्या कलावंताने केली, ब्रॉडवेवर हार्वी फायरस्टीनने, आणि त्याला टोनी पारितोषिकही मिळालं. नाटकात ती कुणाला फसवत नाही. ती आईच असते, नवरा तिच्यावर प्रेम करतो, आणि बघणाऱ्याला पुरुषही दिसत असतो. दोन्ही एकदम. हे कसं जमवतात हे मला कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

भाजी गार झाली म्हणून घरून बोलणी बसली.

दुपारी तीन

मोटारसायकल काढली. गावाबाहेर एका बागेत केळीची कापणी चालू होती. तिथे आप्पा कामाला आहेत हे मला ठाऊक होतं. आप्पा म्हणजे खानदेशातल्या फडांवर नाच्या म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला संपतो. पावसाळ्यात फड बंद, मग घड वाहायचे. खांद्यावर गादीचा तुकडा ठेवून ते घड गाडीपाशी आणत होते. हातावर, सदऱ्यावर चिकाचे काळे डाग. केळीचा चीक कापडाला लागला की जन्मात निघत नाही. मी दोन पावलं लांबच उभा राहिलो. पांढरा सदरा घालून आलो होतो.

मी माझी अडचण सांगितली. गंधर्वांसारखं नको, गॅदरिंगसारखंही नको.

आप्पा म्हणाले, 'मंग तुम्हाले गवळणीतली मावशी पाहिजे. एवढा हिशोब कशाले केला मास्तर?'

मी गप्पच झालो. तमाशात गण झाला की गवळण येते. गवळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण-पेंद्या वाट अडवतात, आणि गवळणींची म्होरकी असते ती मावशी. ती पुरुषच करतो. पुष्कळ फडांत डोक्यावरून उपरण्याचा पदर घेतला की झाली मावशी, मिशी असली तरी चालते. शेजारी खऱ्या बायका नटूनथटून उभ्या, आणि हशा, टाळ्या, कृष्णाशी हुज्जत, सगळं मावशीच्या वाट्याला. ती पुरुष आहे हे पब्लिकला माहीत, पब्लिकला माहीत आहे हे तिला माहीत, आणि तरी ती मावशीच. इकडे निमाडच्या 'गम्मत' या लोकनाट्यातही बायकांची सोंगं पुरुषच घेतात. हे सगळं बघत मी मोठा झालो, आणि दुपारभर ब्रॉडवे शोधत होतो.

'पण आप्पा, या नाटकातला पोरगा पहिल्यांदा साडी नेसतोय. तुमचं चालणं फार चांगलं पडेल.'

'वाईट चालून दाखवू?'

गाडीच्या फाळक्यापाशी, चिखलात, आप्पांनी वाईट चालून दाखवलं. आधी टाच आपटून, शेतकऱ्यासारखं. मग पाऊल नीट पण हात सायकलच्या हँडलवर असल्यासारखे. मग हातही नीट, पण पदर सावरायच्या जागी खिसा चाचपला. मग सगळंच नीट, आणि बसताना गुडघे फाकले. शेवटच्या वेळी ते बसले, गुडघे फाकले, लक्षात आलं, आणि ते लाजून जवळ घेताना जरा जास्तच जवळ घेतले. कापणीवाल्या बाया घड खाली ठेवून हसत होत्या. गाडीचा ड्रायव्हर परप्रांतातला, मराठीचा एक शब्द कळत नसलेला. तोही.

हसता हसताच माझं ठरलं. वाईट नेसलेली साडी दाखवायला आयुष्यभर चांगली नेसलेला माणूस लागतो. गुरुजी वाईट चालतात, पण दर वेळी एकाच तऱ्हेने, कारण त्यांना दुसरी येत नाही.

'सुपारी किती?' आप्पांनी विचारलं.

संध्याकाळी साडेसहा

मंडळाची बैठक याच प्रश्नावर अडली. आमच्याकडे कुणी पैसे घेत नाही, सगळी हौस. अध्यक्ष म्हणाले, 'त्यालाच कशाला द्यायचे?' मी म्हटलं, आपण दिवसभर कमावून रात्री नाटक करतो. आप्पांचं कमावणंच नाटक आहे. लाउडस्पीकरवाला पैसे घेतो, मांडववाला घेतो, तेव्हा कुणी हौस काढत नाही.

मग खरा मुद्दा बाहेर आला. गणपतीपुढे तमाशातला नाच्या? आणि तो माणूस 'तसला' तर नाही ना? मला गणपत पाटील आठवले. पडद्यावर नाच्या रंगवला तो त्यांनीच, आणि त्या भूमिकेने माणसाचा घरापर्यंत पिच्छा पुरवला. २००८ साली जाईपर्यंत लोक त्यांच्याकडे त्याच नजरेने बघत राहिले. २०१० मध्ये 'नटरंग' आला तेव्हा हीच मंडळी बुऱ्हाणपूर-रावेरला जाऊन रडून आली होती. मी एवढंच म्हटलं, 'तसला असला तर? मी छातीचं माप घेतो, आतलं घेत नाही.' खजिनदार आधी हसले आणि ते हसले की पैसे मिळतात. आकडा आप्पांच्या मागणीपेक्षा थोडा कमी ठरला. तो फरक मी ब्लाउजच्या शिलाईत लपवणार आहे.

रात्री नऊ

वाचन. आप्पा अंघोळ करून, इस्त्रीचा पायजमा घालून आले. अध्यक्षांनी सुरुवातीला 'ये, बस' म्हटलं, पहिला प्रवेश वाचून झाल्यावर 'चहा घ्या' म्हणाले. आप्पांना वाचायला वेळ लागतो, म्हणून त्यांची वाक्यं मोरूने वाचायची आणि त्यांनी मागून म्हणायची असं ठरलं. दुसऱ्यांदा म्हणताना वाक्य बदललेलं असायचं आणि बहुतेकदा बरं असायचं. ते मात्र मी थांबवलं. अत्र्यांचं वाक्य अत्र्यांचंच राहणार. 'तमाशात वगाची वाक्यं आमचीच असतात,' आप्पा म्हणाले, पण ऐकलं. मोबाईलवाला पोरगा दाराशी उभा होता. आप्पांनी त्याला आत घेतलं, समोर बसवलं आणि म्हटलं, 'मी चुकलो की मोठ्याने सांग.' त्याचा आवाज आज पहिल्यांदा खोलीभर ऐकू आला.

रात्री अकरा

माप घ्यायला आप्पा दुकानात थांबले. छाती, कंबर, बाही, मुंढा. हात वर केल्यावर उसवू नये म्हणून काखेत चौकोनी तुकडा लावावा लागेल. पुढे हुक दिसायला, मागे चिकटपट्टी काढायला, कारण या नाटकात मावशीला घाईघाईने पुन्हा पुरुष व्हायचं असतं. नऊवारीही शिवलेलीच.

मग आप्पांनी नवीनच काढलं. ब्लाउज दोन पाहिजेत. शेवटाकडचा मापात. पहिल्या प्रवेशातला दुसऱ्या बाईचा उसना वाटावा असा, एक खांदा उतरलेला, टक्स नको तिथे, बाहीला चुणी.

एवढी वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवतोय, आणि त्या सगळ्या समोर बसणार. टक्स बरोबर चुकीच्या जागी पडावा म्हणून मी वही उघडून खडूने तीनदा आखलं. शेवटी म्हटलं, 'आप्पा, सुरुवातीला निवेदकाला सांगायला लावतो, हा ब्लाउज मुद्दाम असा शिवलाय म्हणून.'

'मंग हसन कोन?' आप्पा म्हणाले. 'बायांना म्हनू द्या ना, मास्तरचा हात बिघडला. दुसऱ्या ब्लाउजात टाळी घेऊन देतो तुम्हाले.'