आयआरक्यू एकच दिसला म्हणजे बिघाड नव्हे

रत्नागिरीत संगणक दुरुस्तीला नेला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन कार्डांसमोर एकच आयआरक्यू नंबर दिसला, की कुणीतरी म्हणतंच, ‘कॉन्फ्लिक्ट आहे.’ तीस वर्षांपूर्वी हे निदान बरोबर ठरलं असतं.

इंटरप्ट म्हणजे ‘हातातलं काम थांबव, इकडे बघ’ अशी प्रोसेसरला मारलेली हाक; ती ज्या लाइनने येते तिचा नंबर म्हणजे आयआरक्यू. १९८१च्या आयबीएम पीसीत या हाका ८२५९ नावाची एक चिप सांभाळायची. तिच्या लाइन आठ. १९८४च्या पीसी-एटीत दुसरी चिप आली, पण ती पहिलीच्या २ नंबरवर जोडलेली, म्हणून सोळातल्या पंधराच हाती उरल्या. घड्याळ ०, कीबोर्ड १, फ्लॉपी ६, हार्ड डिस्क १४. कॉम १ आणि कॉम ३ या दोन सीरियल पोर्टांना मात्र ४. एकावर माउस, दुसऱ्यावर मॉडेम असला, की इंटरनेट लावताच माउस गोठायचा. त्या काळच्या आयएसए स्लॉटातल्या कार्डांना साधारणपणे लाइन वाटून घेता येत नसे. साउंड कार्डाचा जंपर ५ वरून ७ वर नेणारा मेकॅनिक तेव्हा खरा जाणकार!

१९९२च्या पीसीआय या नव्या स्लॉटने हा प्रश्न मिटवला. अनेक कार्डं एकच लाइन वापरतात. हाक आली की प्रत्येक ड्रायव्हर आपल्या कार्डाकडे चौकशी करतो. एखादा ड्रायव्हर ढिसाळ असेल तर घोटाळा होतो, पण दोष नंबरचा नसतो.

‘नंबर लहान, तर वेग जास्त’ हाही समज चुकीचाच. ८२५९ मध्ये लहान नंबरला अग्रक्रम होता, वेग नव्हे. तोही सरळ नव्हता: ८ ते १५ हे २ च्या वाटेने येत, म्हणून ३ च्या आधी लागत.

पीसीआय एक्स्प्रेसमध्ये तर इंटरप्टची वेगळी तारच नाही. कार्ड ठरलेल्या पत्त्यावर छोटा संदेश लिहितं. ही पद्धत एमएसआय. तिच्या एमएसआय-एक्स या सुधारित रूपात एका उपकरणाला २०४८ पर्यंत इंटरप्ट मिळू शकतात. आणि यूएसबी कीबोर्ड? तो स्वतः हाक मारतच नाही, कंट्रोलर त्याला ठरावीक वेळाने विचारत राहतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयआरक्यूसमोर उणे आकडा दिसला तरी घाबरू नका, ती एमएसआयची खूण आहे. कार्ड चालत नसेल तर आधी ड्रायव्हर तपासा, मग स्लॉटचे संपर्क. समुद्राकाठच्या दमट हवेत ते गंजतात. ‘आयआरक्यू बदलून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा, त्याने नेमकं काय सुधारणार?